सरोजिनी नगर ते नाग टिब्बा : कुटुंबाचा पहिला अवघड ट्रेक

नाग टिब्बा हे उत्तराखंडच्या टिहरी गढवाल जिल्ह्यातले ३,०२२ मीटर उंचीचे शिखर आहे. धौलाधार आणि पीर पंजाल यांच्या बरोबरीने लघुहिमालयाच्या प्रमुख रांगांमध्ये जिचा उल्लेख होतो, त्या नाग टिब्बा रांगेला याच शिखराचे नाव मिळाले आहे. पायथ्याचे पंतवाडी गाव सुमारे १,४०० मीटरवर वसले आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे पंतवाडीत चालायला सुरुवात करणारा माणूस कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडाच खाली असतो आणि तिथून आणखी जवळजवळ एक कळसूबाई चढून जायची असते. हिमालयाच्या मानाने ही चढाई सोपी मानली जाते. ज्या कुटुंबाने कधी डोंगर चढलेला नाही, त्याच्यासाठी मात्र ती खरीखुरी परीक्षा असते.

दिल्लीतले सरोजिनी नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत आहे. तिचे आधीचे नाव विनय नगर होते. पुढे तिला सरोजिनी नायडूंचे नाव देण्यात आले. बदलीच्या नोकरीमुळे दिल्लीत आलेली मराठी कुटुंबे अशा सरकारी वसाहतींमधून राहत आली आहेत. सह्याद्रीच्या गडकिल्ल्यांवर वाढलेली पिढी इथे समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर असलेल्या सपाट शहरात येते आणि मुले चढउतार न बघताच मोठी होतात. हिमालय मात्र एका दिवसाच्या प्रवासावर असतो. म्हणून पहिला मोठा ट्रेक बहुधा शाळेच्या सुट्टीत आणि सगळ्या घराने मिळून होतो. त्यात चाळिशीचे आईवडील असतात, आठ-दहा वर्षांची मुले असतात, कधी साठी ओलांडलेले आजी-आजोबाही असतात. अशा चमूचा एकच नियम पक्का धरावा लागतो. वाट, वेळ, सामान आणि परतीचा निर्णय हे सारे घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या हिशेबाने ठरवायचे.

वाट आणि ऋतू

पहिल्या ट्रेकची वाट निवडताना शिखराच्या उंचीपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : एका दिवसात किती चढायचे, मधूनच परत फिरता येते का आणि गाडीरस्ता किती दूर आहे. नाग टिब्बा या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. वाट एकाच सोंडेने चढत जाते आणि कुठूनही मागे वळून पंतवाडीला उतरता येते. गावात वाटाड्या मिळतो, सामानासाठी खेचर मिळते. दिल्लीहून डेहराडून सुमारे २५० किलोमीटर. पुढे मसुरी, केम्प्टी, यमुना पूल आणि नैनबाग असा वळणावळणाचा रस्ता आहे.

त्याहून सोपी सुरुवात हवी असेल तर हिमाचलमधील धर्मशाळेजवळचे त्रिउंड हे सुमारे २,८५० मीटरवरचे पठार आहे. सुट्टीत गावी जाणाऱ्यांना अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातून, बारी गावाकडून कळसूबाई चढून बघता येते. तिथली चढण सुमारे ९०० मीटरची आहे. लोखंडी शिड्यांमुळे अवघड टप्पे सुकर झालेले आहेत. घरातले कोण किती चालते, कोणाचे गुडघे बोलतात आणि कोणाला उंचीची भीती वाटते, हे त्या एका दिवसात कळून येते.

ऋतूच्या बाबतीत सह्याद्रीची सवय उपयोगी पडत नाही. मुंबई-पुण्याकडे पाऊस सुरू झाला की डोंगर गजबजतात. हिमालयात जुलै-ऑगस्ट हे दरडी कोसळण्याचे आणि रस्ते बंद पडण्याचे दिवस असतात. नाग टिब्ब्यासाठी मार्चअखेर ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. वसंतात बुरांशची (ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुले वाटेवर दिसतात, पावसाळ्यानंतर आकाश निवळलेले असते आणि दूरची शिखरे स्पष्ट दिसतात. डिसेंबर ते मार्च माथ्यावर बर्फ असतो. त्या दिवसांत बर्फावर चालण्याची वेगळी साधने आणि वेगळा सराव लागतो, म्हणून पहिल्या खेपेला तो काळ टाळावा.

वेळेचा हिशेब

डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा आडाखा मांडला आणि तो आजही जगभर वापरला जातो. सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि चढणीच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवायचा. पंतवाडी ते शिखर हे अंतर साधारण नऊ किलोमीटर धरले तर त्याचे पावणेदोन तास होतात. १,६०० मीटर चढणीचे दोन तास चाळीस मिनिटे होतात. बेरीज जाते साडेचार तासांवर.

हा आडाखा सरावलेल्या आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. मुले, ज्येष्ठ आणि नवखे यांच्यासाठी त्याची दीडपट ते दुप्पट धरावी लागते, म्हणजे सात ते नऊ तास. एवढी चढण एका दिवसात उरकली तर उतरायला ना उजेड उरतो ना पायांत बळ. म्हणून ती दोन दिवसांत विभागतात. पहिल्या दिवशी अडीच हजार मीटरच्या आसपासच्या मोकळ्या कुरणावर तंबूत मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे शिखर गाठून खाली यायचे.

दिल्लीहून निघणारे अनेक गट शुक्रवारी रात्रभर बसमध्ये बसतात आणि शनिवारी सकाळी थेट चढायला लागतात. मसुरीच्या वळणांवर मुलांना उलट्या झालेल्या असतात, मोठ्यांची झोप झालेली नसते आणि पोट रिकामे असते. कुटुंबाने असा दिवस वाचवू नये. पहिल्या दिवशी दिवसाउजेडी प्रवास करून पंतवाडीत पोचावे, रात्र गावात काढावी आणि चढाई दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करावी. असा आराखडा चार दिवसांचा होतो. शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची रजा टाकावी लागली तरी चालेल.

आठ आठवड्यांची तयारी

सपाट शहरात डोंगराचा सराव जिन्यावरच होऊ शकतो. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींचा पुनर्विकास मंजूर केला. त्यात सरोजिनी नगरही होते. जुन्या क्वार्टर्सच्या जागी उंच इमारती आल्या. एक मजला तीन मीटरचा धरला तर दहा मजल्यांचा जिना ३० मीटरचा होतो. तो पंधरा वेळा चढला की ४५० मीटरची चढण होते. पहिल्या आठवड्यात तीन-चार फेऱ्यांपासून सुरुवात करून सातव्या आठवड्यापर्यंत पंधरा फेऱ्यांवर जाणे बहुतेकांना जमते. आठवड्यातून तीन दिवस जिना आणि एक दिवस नेहरू पार्कसारख्या बागेत दीड-दोन तास सलग चालणे एवढे पुरते. शेवटच्या तीन आठवड्यांत पाठीवर चार-पाच किलोंची पिशवी घ्यावी. शेवटचा आठवडा हलका ठेवावा.

जिना चढून लिफ्टने खाली येण्याची चूक सगळीकडे होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलतात. या कामाची सवय नसलेल्या स्नायूंत सूक्ष्म इजा होतात. ट्रेकनंतर दोन-तीन दिवस जिना उतरणे नकोसे होते ते त्यामुळेच. ही सवय फक्त उतरूनच लागते. म्हणून सरावात चढलेला प्रत्येक मजला पायी उतरायचा.

दिल्लीत नोव्हेंबर ते जानेवारी हवा अतिशय खराब असते. हवेचा निर्देशांक वाईट असलेल्या दिवशी बागेत धापा टाकत चालल्याने फुप्फुसांना अपायच होतो. त्या दिवशी सराव घरात किंवा बंद जिन्यावर करावा. मुलांना तर अशा हवेत पळवूच नये.

तयारीच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटावे. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा, मधुमेह किंवा गर्भारपण असेल तर त्यांच्या सल्ल्यावाचून उंचीवर जाऊ नये. घरातल्या स्त्रियांनी आणि वयात येणाऱ्या मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रक्तातला प्राणवायू हिमोग्लोबिनच वाहून नेते. रक्तक्षय असेल तर हवा विरळ झाल्यावर दम लवकर लागतो आणि त्याला सरावाच्या कमतरतेचे नाव दिले जाते. आठ आठवडे हातात असले तर त्यावर उपचारही होऊ शकतात.

मार्गदर्शनासाठी सरोजिनी नगरकरांना लांब जावे लागत नाही. मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवर तीन स्थानके पुढे दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस आहे. त्याच्याजवळच बेनिटो हुआरेझ मार्गावर इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशन ही देशातील गिर्यारोहणाची शिखर संस्था आहे. तिच्या आवारात कृत्रिम प्रस्तरारोहणाची भिंत आहे. चाणक्यपुरीतल्या न्याय मार्गावर यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचे मुख्यालय आहे. ‘सार पास’सारख्या तिच्या हिमालयीन मोहिमा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना माहीत आहेत, आणि कुटुंबांसाठी ती वेगळी शिबिरेही घेते.

कपडे, बूट आणि पाठपिशवी

उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. दिल्लीपेक्षा नाग टिब्ब्याचा माथा २,८०० मीटरने उंच आहे, म्हणजे फरक अठरा अंशांचा होतो. मे महिन्यात दिल्लीत ४० अंश असताना माथ्यावर दुपारी विशीतले तापमान असते. रात्री आणि वाऱ्यात ते बरेच खाली जाते. एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन थर नेणे सोयीचे. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. चालताना वरचे थर उतरवायचे आणि थांबल्याबरोबर पुन्हा चढवायचे.

सरोजिनी नगरचा बाजार निर्यातीतून उरलेल्या कपड्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. पहिल्या ट्रेकसाठी महागडी खरेदी करण्याची गरज या बाजारामुळे उरत नाही. फ्लीस, जाकिटे, लोकरी टोप्या, हातमोजे आणि मुलांचे गरम कपडे इथे घासाघीस करून स्वस्तात मिळतात. घेताना थोडी पारख हवी. टी-शर्टच्या आतल्या बाजूची पट्टी वाचावी आणि पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती कापड घामाने भिजले की अंगाला चिकटते आणि गारठा आणते. जीन्स तर पूर्ण टाळावी, कारण ती भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. जाकिटावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ते हलक्या पावसाला पुरेल. थेंब पसरून डाग उमटला तर ते फक्त थंडीचे जाकीट समजावे आणि सोबत वेगळा रेनकोट घ्यावा. शिवणी आणि चेन दुकानातच ओढून पाहाव्यात.

बूट मात्र अशा बाजारात घेऊ नयेत. ते घोट्याला आधार देणारे आणि खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. जाड मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घालून बघावेत. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखे काळीनिळी होतात. नवे बूट ट्रेकआधी किमान तीन-चार आठवडे वापरात असावेत. मुलांच्या बुटांची खरेदीही याच हिशेबाने करावी. पुढच्या वर्षी होतील म्हणून घेतलेल्या मोठ्या बुटात पाय मागेपुढे सरकतो आणि टाचेला फोड येतात.

पाठपिशवीचे ओझे मोठ्यांना शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून आणि मुलांना दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी हवे, कारण या सोंडेवर पाण्याच्या जागा कमी आहेत. सोबत ओआरएसची पाकिटे, पट्ट्या, चिकटपट्टी, प्रत्येकाची नेहमीची औषधे, टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन घ्यावे. उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता वाढते आणि थंड वाऱ्यात ऊन लागलेले कळत नाही. डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकाला वेगळा हवा. खाण्यासाठी दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की आणि लाडू टिकाऊ असतात आणि चालता चालता खाता येतात.

विरळ हवा

तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. हवेतला प्राणवायूचा वाटा तेवढाच राहतो, पण दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासागणिक तो तीस टक्क्यांनी कमी मिळतो. श्वास आणि नाडी जलद चालवून शरीर ही तूट भरून काढते. हे जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो.

साधारण अडीच हजार मीटरच्या वर चढल्यावर काहींना उंचीचा त्रास होतो. डोके दुखते आणि त्याबरोबर मळमळ, भूक मरणे, थकवा किंवा चक्कर येते. हा त्रास तरुण आणि धडधाकट माणसालाही होतो. सरावाने दम वाढतो, पण उंचीपासून संरक्षण मिळत नाही. उंचीवर असताना असे डोके दुखू लागले तर ते उंचीचेच समजावे. तिथेच थांबून विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे आणि वर चढू नये. त्रास वाढला तर रात्रीची वाट न पाहता खाली उतरावे. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, बसल्या जागी धाप लागणे ही जीवघेण्या अवस्थेची लक्षणे आहेत आणि त्यांवर तातडीने उतरणे हाच मुख्य उपाय आहे. तीन हजार मीटरच्या वर मोठ्या ट्रेकला जाणाऱ्यांसाठी मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. उंचीच्या त्रासावरची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

लहान मुलांना डोके दुखते हे नीट सांगता येत नाही. नेहमी बडबड करणारे मूल गप्प झाले, आवडता लाडू नको म्हणू लागले, किरकिर करू लागले किंवा खेळायचे सोडून आडवे झाले, तर त्याला हट्ट समजून रागावू नये. अशा वेळी चढणे थांबवावे.

वाटेवर

पंतवाडीतून वाट पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमधून वर निघते आणि जुन्या गाडीवाटेला अधूनमधून छेदत जाते. पहिला तास सर्वांत फसवा असतो. मुले धावत सुटतात, मोठेही त्यांच्यामागे वेग घेतात आणि तासाभरात सगळे थकून बसतात. चालीचे माप साधे आहे : चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला. पाऊल लहान टाकावे आणि पूर्ण तळवा टेकावा. तास-सव्वातासाने पाच-सात मिनिटे थांबावे. त्याहून जास्त वेळ बसले की अंग गार पडते आणि पाय पुन्हा जड होतात.

वाटाड्याच्या मागोमाग सर्वांत हळू चालणाऱ्याने चालावे आणि सर्वांत सशक्त माणसाने शेवटी राहावे. मागे राहिलेल्यासाठी पुढच्यांनी थांबायचे आणि तो पोचला की लगेच निघायचे, असे केले तर विश्रांती फक्त पुढच्यांनाच मिळते. हळू चालणारा पुढे असला की ही अडचण येत नाही आणि कोणी एकटे मागे पडत नाही.

शेते संपली की बांजच्या (हिमालयीन ओकच्या) झाडीतून चढण लागते आणि मग मोकळ्या कुरणांवर तंबूंच्या जागा येतात. त्यांच्या वर नागदेवतेचे मंदिर आहे. गुराढोरांचे रक्षण करणारा देव म्हणून परिसरातल्या गावांची त्याच्यावर श्रद्धा आहे. मंदिरानंतर दाट झाडीतली शेवटची खडी चढण माथ्यावर नेते. स्वच्छ सकाळी समोर ६,३१६ मीटरच्या बंदरपूंछसह गढवालची बर्फाच्छादित शिखरे दिसतात.

परतीची वेळ घरूनच ठरवून निघावे. हिमालयात दुपारनंतर ढग जमतात, म्हणून मुक्कामावरून पहाटे निघून सकाळी दहा-अकरापर्यंत जिथे पोचलो असू तिथून मागे फिरायचे, शिखर शंभर पावलांवर असले तरी. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर मुख्यतः कर्नाटकातल्या ट्रेकरांचा २२ जणांचा चमू खराब हवामानात सापडला आणि त्यातल्या ९ जणांचा मृत्यू झाला. ती वाट नाग टिब्ब्यापेक्षा बरीच उंच आणि लांब आहे, पण हवामान किती झटपट पालटते हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे. अडचणीत ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. मात्र डोंगरात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते. म्हणून निघण्याचा आणि परतण्याचा दिवस दिल्लीतल्या शेजाऱ्यांना आणि पंतवाडीतल्या मुक्कामाच्या घरी सांगून ठेवावा.

उतरण

शिखर गाठले की चमूचे लक्ष ढिले पडते. पाय थकलेले असतात, घरची घाई असते आणि घसरण्याचे प्रसंग बहुधा इथेच येतात. निघण्यापूर्वी बुटांच्या नाड्या घोट्याजवळ पुन्हा घट्ट आवळाव्यात, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, पावले आखूड टाकावीत आणि सुट्या खडीवर आडवे पाऊल टाकावे. काठीमुळे गुडघ्यावरचा भार हलका होतो. उतारावर ती चढणीपेक्षा थोडी लांब धरायची. मुलांना पळत उतरू देऊ नये.

पंतवाडीला पोचल्यावर एक मुक्काम करूनच परतीचा प्रवास धरावा. पुढचे दोन-तीन दिवस मांड्या दुखतील. थोडे चालत राहिल्याने त्या लवकर मोकळ्या होतात. सांध्यात सूज आली किंवा एकाच जागी तीव्र कळ राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. सोबत नेलेला सारा कचरा दिल्लीला परत आणावा, कारण डोंगरातल्या गावांकडे तो निकालात काढण्याची सोय नसते. पुढच्या ट्रेकचा विचार करण्यापूर्वी घरातला प्रत्येक जण किती तास चालला, कुठे त्रास झाला आणि कोणते सामान वापरलेच गेले नाही, याची नोंद करावी. सर्वांत हळू चालणाऱ्याला हा ट्रेक झेपला आणि पुन्हा जावेसे वाटले, तर त्या कुटुंबाने सांकरी गावाहून केदारकंठासारख्या ३,८०० मीटरच्या शिखराचा विचार करायला हरकत नाही. तसे वाटले नसेल, तर आणखी एकदा तीन हजार मीटरच्या आसपासचीच वाट निवडावी.